समुद्राकाठची खुर्ची

शाळांचे गणवेश शिवणाऱ्या बाईला उन्हाळ्याची सुट्टी नसते. शाळा बंद झाल्या की तिचा हंगाम सुरू होतो. सगळं जग पंख्याखाली पाय पसरून पडलेलं असतं तेव्हा आमच्या थोरल्या जाऊबाई कापडाच्या गठ्ठ्यांत गुडघाभर उभ्या असायच्या. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि तोंडात टाचण्या असल्यामुळे गिऱ्हाइकांशी बोलणं नुसतं भुवयांनी. मी धाकटी सून म्हणून या घरात आले तोही उन्हाळाच होता. अंगावरची हळद उतरली नाही तोवर त्यांनी मला काजं करायला बसवलं. माझी जीभ आधीपासूनच तिखट. मी म्हणाले, मी दातांच्या दवाखान्यात फोन घेते, काजं-बटणं करत नाही. त्यांनी तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मग फोन आला की ऊठ." तिथून आमचं जमलं ते जमलंच.

खाली दुकान आणि वर आमच्या चार खोल्या. माझे थोरले दीर, ज्यांना सगळं घर दादा म्हणतं, ते मोटारींच्या सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर आहेत. आमचे हे वायरमन. मुलगी घरात एकच, माझी आठ वर्षांची चिमी. जाऊबाईंना मूल नाही, त्यामुळे चिमी नावापुरती माझी. जेवते त्यांच्या ताटात, झोपते त्यांच्या कुशीत, आणि रागवायची वेळ आली की मात्र मला हाक.

चार वर्षांपूर्वी जाऊबाईंच्या दोन्ही किडन्या गेल्या. कशामुळे, ते डॉक्टरांनी आम्हाला तीनदा समजावलं आणि आम्ही तिन्ही वेळा मान हलवली. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. सकाळी जायचं, खुर्चीत बसायचं, डाव्या हाताला दोन जाड सुया टोचून घ्यायच्या, आणि अंगातलं सगळं रक्त मशीनमधून फिरून येईपर्यंत समोरच्या भिंतीकडे बघत राहायचं. किडनी बदलता येते, त्याची यादी असते, यादीत त्यांचं नाव आहे. दादांची जुळली नाही. माझी तपासू द्यायला त्या तयार झाल्या नाहीत. म्हणाल्या, चिमीची आई अख्खी राहू दे. त्या विषयावर आमच्यात एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि मी हरले.

या आजारात सगळ्यात वाईट ती तहान. लघवीच होत नाही, त्यामुळे प्यालेलं पाणी अंगातच साठतं. किती साठलं ते दादा रोज सकाळी त्यांचं वजन करून लिहून ठेवतात. दिवसाला एक छोटी बाटली, त्यातच चहा, आमटी, औषधं. जीभ कोरडी पडली की जाऊबाई बर्फाचा खडा गालात धरून कापड कापतात. शिवायला आता दोन मुली ठेवल्या आहेत, पण कातर अजून दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेली नाही. सुया टोचण्यासाठी त्यांच्या डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून धमनीला जोडलेली आहे. तिला हात लावला की आत सतत थरथर लागते. चिमी त्या हाताला कान लावते आणि म्हणते, मोठी आई, आत माशी अडकलीय. जाऊबाई म्हणतात, राहू दे गं, भाडं देते ती.

सेंटरमध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन बसायचे. दोघांचं चांगलं जमायचं. ते कोणत्या गल्लीत कोणाचं कुत्रं चावतं ते सांगायचे, या कोणत्या शाळेच्या मुख्याध्यापकांची कंबर किती वाढली ते. मार्चमधल्या एका शुक्रवारी पोस्टमन आले नाहीत. जाऊबाईंच्या सुया लावून होईपर्यंत पोस्टमनच्या खुर्चीत एक नवीन पोरगा बसलासुद्धा. जाऊबाईंनी सिस्टरला विचारलं, तर ती चादर सारखी करत म्हणाली की त्यांनी यायचं बंद केलंय. आजारी पडले नाहीत, गाव सोडलं नाही. बंद केलं. पुढल्या आठवड्यात ते गेल्याचं कळलं.

त्या शुक्रवारी जाऊबाई घरी आल्या. संध्याकाळी पानं वाढली, सगळे बसले, आणि त्या ताटाकडे बघत म्हणाल्या, "या उन्हाळ्यात समुद्रावर जाऊ या."

ज्या बाईनं जन्मात उन्हाळ्याची सुट्टी घेतली नाही, ऐन हंगामात सख्ख्या भावाच्या लग्नालाही सकाळी जाऊन संध्याकाळी परत आली, ती म्हणतेय समुद्र. चिमी तेवढी ताटावरून उठून नाचली. मला मात्र आनंदाच्या आधी भीती वाटली, आणि आपण किती कुजक्या मनाच्या आहोत म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवसापासून दादा कामाला लागले. दादा म्हणजे व्यवस्था. उभा जन्म गोदामात गेलेला, त्यामुळे प्रत्येक वस्तूला जोडीची दुसरी वस्तू हवी. एक टॉर्च असेल तर दुसरा टॉर्च, एक चटई तर दुसरी चटई. गाडी कोणाची मागायची, वाटेत कुठे थांबायचं, जाऊबाईंनी कोणत्या बाजूच्या खिडकीशी बसायचं म्हणजे डाव्या हातावर ऊन येणार नाही, सगळं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांनी जाऊबाईंना यातलं काही विचारलं का? नाही. दादा विचारत नाहीत, करून मोकळे होतात. गेली चार वर्षं त्यांनीच ही बाई जगवली आहे, तेव्हा त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण पाहुण्यानं जेवावं तशी जाऊबाई आपल्याच घरात जगत होत्या, पुढ्यात येईल ते मुकाट्यानं घेत.

समुद्रावर उतरायचं घर मात्र जाऊबाईंनी स्वतः शोधलं. किनाऱ्याला लागून एका बाईचं बैठं घर होतं, तीन खोल्या आणि पुढे ओटा. ती बाई फोनवर इतकी बोलली की जाऊबाईंना तिच्या सुनेचे दोषही पाठ झाले. शनिवारी निघायचं आणि गुरुवारी परत यायचं, असं ठरलं. मग एका रात्री जेवताना दादांनी सूचना द्यायला सुरुवात केली. खारवलेले मासे खायचे नाहीत, शहाळं अजिबात नाही, त्यातल्या क्षारांनी हृदय बंद पडतं, आणि सुयांच्या जागा ओल्या करायच्या नाहीत.

"मग मी तिथे जाऊन काय करू, पहारा?" जाऊबाई म्हणाल्या.

दादा म्हणाले, हवा खा. त्यावर जाऊबाईंनी विचारलं, मोजून की बिनमोजता? आम्ही सगळे हसलो. दादाही हसले, पण उशिरा.

आता एकच गोष्ट राहिली होती, आणि सगळं घोडं तिथेच अडणार होतं. सोमवार आणि बुधवार आम्ही समुद्रावर असणार, म्हणजे त्या दोन पाळ्यांसाठी तिकडे मशीन हवं. त्या किनाऱ्यावरच्या घरापासून अर्ध्या तासावर एका खासगी दवाखान्यात डायलिसिसची सोय होती. दादा त्याचा विषय काढणार इतक्यात जाऊबाई म्हणाल्या, "ते माझं मी बघते." दादांनी उघडलेलं तोंड मिटलं. चार दिवसांनी त्यांनी विचारलं, झालं का? जाऊबाई म्हणाल्या, झालं. पुढे कोणी काही विचारलं नाही, आणि मीही नाही.

निघायला आठवडा राहिला तेव्हा त्यांनी चिमीसाठी फ्रॉक शिवायला घेतला. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, समुद्रावर घालायला. आता गणवेशाच्या धंद्यात दुमड हा वादाचा विषय असतो. मुलं भराभर वाढतात, म्हणून खालच्या बाजूला थोडं कापड आत दुमडून शिवायचं, पुढच्या वर्षी ती शिवण उसवून लांबी वाढवायची. आयांना वाटतं, होईल तेवढं कापड आत घालावं. जाऊबाईंचा नियम एका वर्षाचा. वाढत्या अंगाचं शिवते, पण पोतं शिवणार नाही, म्हणायच्या. पुढच्या वर्षी या, मी आहे ना. हे "मी आहे ना" मी दर उन्हाळ्यात दिवसातून दहादा ऐकलेलं.

फ्रॉकला इस्त्री करायला मी तो उलटा केला. आत दुमड होती, तिच्या आत दुसरी, मग तिसरी, चौथी. प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. काखेतही तसंच. एवढासा फ्रॉक, पण हाताला जड लागत होता. मी म्हणाले, जाऊबाई, हे काय, लग्नापर्यंत हाच घालायचाय का तिनं? त्या मान वर न करता म्हणाल्या, वाढत्या अंगाची पोर आहे. मग उठून माझ्याशेजारी आल्या आणि दाखवायला लागल्या, पुढच्या वर्षी हा पिवळा दोरा काढ, त्याच्या पुढच्या वर्षी हिरवा. ब्लेड लावू नकोस, सुईच्या टोकानं एकेक टाका उचल, म्हणजे कापडावर वण राहत नाही.

एवढ्या वर्षांत ज्यांनी मला शिवणातलं काही शिकवायचा पुन्हा नाद केला नाही, त्या मला उसवायला शिकवत होत्या. मी इस्त्री बंद केली आणि वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आमच्या दातांच्या दवाखान्यात पेशंट कमी होते. मी माझ्या टेबलावरूनच त्या समुद्राकाठच्या दवाखान्याला फोन लावला. पलीकडचा माणूस माझ्यासारखाच फोनवर बसून पिकलेला होता, ते त्याच्या पहिल्या "बोला"वरूनच कळलं. मी जाऊबाईंचं नाव सांगितलं आणि म्हटलं, सोमवार-बुधवारचं बुकिंग आहे का बघा, नसेल तर आत्ता करा.

तो म्हणाला, "अजून किती वेळा करू?"

मग त्यानं माझी चांगलीच हजेरी घेतली. या नावावर दोन बुकिंग होती. एक केलं होतं फार बारीक चौकशा करणाऱ्या एका गृहस्थानं, ज्यानं वीज गेली तर जनरेटर आहे ना असं विचारलं होतं. दुसरं केलं होतं दुसऱ्या गृहस्थानं, ज्यानं जनरेटर किती क्षमतेचा आहे आणि त्याचं वायरिंग कोणी केलंय तेही विचारलं होतं. पहिले दादा आणि दुसरे आमचे हे, हे कळायला मला ज्योतिषी नको होता. दोघंही एकमेकांना न सांगता, घरात मूग गिळून बसलेले. एका नावावर दोन मशीन अडवून ठेवलीत आणि इथे माणसं वाट बघताहेत, तो म्हणत होता. आज संध्याकाळपर्यंत पेशंटनं स्वतः फोन करून सांगावं, नाहीतर दोन्ही रद्द करतो.

मी विचारलं, पेशंटचा स्वतःचा फोन आला नव्हता का?

आला होता, तो म्हणाला, आणि त्याचा आवाज जरा उतरला. पण बाईंनी बुकिंग केलं नाही. एवढंच विचारलं, की डायलिसिस लागोपाठ दोनदा चुकलं तर काय होतं. मी डॉक्टरांना फोन दिला. त्यांनी सांगितलं.

मी डोकं दुखतंय सांगून दवाखान्यातून निघाले. रस्त्यात दादांना फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. मागे गोदामातली ढकलगाडी वाजत होती. मग म्हणाले, तिनं केलेल्या चौकशीचं मलाही सांगितलं होतं त्या दवाखान्यातल्या माणसानं. निघतो मी. मला इतका संताप आला की फोन तसाच बंद केला. आठवडाभर हा माणूस चटया मोजत होता आणि ही गोष्ट पोटात घेऊन फिरत होता.

दुकानात जाऊबाई कापडावर कातर चालवत होत्या. मी दोन्ही मुलींना चहा प्यायला बाहेर पाठवलं. मला आडून आडून बोलता येत नाही. मी सरळ म्हणाले की त्या दवाखान्यात फोन केला होता, तुम्ही बुकिंग केलेलं नाही, आणि तुम्ही काय विचारलंत तेही मला कळलंय. त्यांची कातर थांबली नाही. कापताना मध्ये थांबलं की कड तिरकी जाते, म्हणून त्या टोकापर्यंत गेल्या. मग कातर खाली ठेवली.

"तुम्ही परत येणार आहात का?" मी विचारलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खोटं नाही सांगत, धाकटे. मरायला निघालेली नाही मी. पण सोमवारी सकाळी उठल्यावर कोणी मला वजनकाट्यावर उभं करू नये, एवढं मला हवं होतं. पुढचं काय ते तिथे बसून ठरवणार होते."

मी चिमीचं नाव काढलं. त्या पोरीला काय सांगायचं आम्ही, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "पोरीला मध्ये आणू नकोस. तिच्यासाठीच चार वर्षं बसले. आता तिच्या नावानं मला बांधू नका."

एवढ्यात दादा आले. गोदामातला निळा कोट अंगावर तसाच होता. दारात उभे राहून त्यांनी आम्हा दोघींच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय झालं ते त्यांना कळलं. त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, बुकिंग मी केलंय, आणि धाकट्यानंही केलेलं दिसतंय. सोमवारी सकाळी फिरायला म्हणून तुला गाडीत बसवून सरळ तिथेच नेणार होतो.

"मला फसवून?" जाऊबाईंनी विचारलं.

"हो."

"चार वर्षांत एकदा तरी विचारलंत, बसतेस का म्हणून?"

दादा चिडले. त्यांना चिडलेलं मी फार कमी वेळा पाहिलंय. "ही काय विचारायची गोष्ट आहे? श्वास घेतेस का, असं विचारतं का कोणी?"

"सुया मला टोचतात," जाऊबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "हातपाय माझे वळतात, जीभ माझी सुकते. तुम्ही नेता, आणता, वजन लिहून ठेवता. सगळं करता. विचारायला काय जातं तुमचं?"

दादा कापडाच्या गठ्ठ्यावर बसले. त्या गठ्ठ्यावर कोणी बसायचं नाही, गणवेशाचं पांढरं कापड असतं त्यात, पण जाऊबाई काही बोलल्या नाहीत. दादा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जमिनीकडे बघत होते.

"तू नाही म्हणालीस तर?" ते म्हणाले. "म्हणून नाही विचारत. तू नाही म्हणालीस तर मी काय करू?"

मला रडू येत होतं आणि त्या दोघांचाही राग येत होता, आणि आमच्या ह्यांचाही, जे त्या वेळी कोणाच्या तरी घरी पंखा बसवत निवांत होते. जाऊबाईंनी गळ्यातला टेप काढला, बोटांभोवती गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. बाहेर एक बाई मुलाला हाताला धरून उभी होती, माप द्यायला आलेली. मी दारात जाऊन तिला उद्या या म्हणून सांगितलं. तिनं कुरकुर केली. मी तिच्यावर खेकसले.

परत आले तेव्हा दादा उठून टेबलाशी गेले होते. ज्या माणसानं दोनशे मैलांचा रस्ता नकाशाशिवाय पाठ केला होता, त्याला एक वाक्य सुचत नव्हतं. दोनदा घसा खाकरून झाला.

"सोमवारी," ते म्हणाले, "बसशील का?"

जाऊबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ लावला त्यांनी, की मला वाटलं आता नाहीच म्हणतात. खरंच नाही म्हणाल्या असत्या तर आम्ही काय केलं असतं, ते मला आजही सांगता येणार नाही.

"सोमवारी बसते," त्या म्हणाल्या.

दादांचा चेहरा सैल पडला. "आणि बुधवारी?"

"बुधवारचं सोमवारी विचारा."

दादा काहीतरी बोलायला गेले. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, थोरले दीर असले तरी. त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्या दवाखान्याचा नंबर लावला. पलीकडचा माणूस पुन्हा तापला असावा, कारण दादा बराच वेळ नुसतं हो, चुकलं, हो, म्हणत होते. मग त्यांनी सांगितलं की दोन्ही बुकिंग काढून टाका, सोमवारची एक खुर्ची ठेवा, पेशंट इथेच आहे, तिलाच विचारा. त्यांनी फोन जाऊबाईंकडे दिला. जाऊबाईंनी आपलं नाव सांगितलं, सोमवारी सकाळी येते म्हणाल्या, आणि फोन परत केला.

तिकडून आणखी काही विचारलं गेलं. दादा ऐकत उभे होते.

"बुधवारचं आत्ता नाही सांगता येणार," ते म्हणाले. "तिला विचारून सांगतो."